दोन थौ

सोमवार. उद्यमनगर बंद.
आप्पांनी तरी शटर कमरेएवढं उचललंय,
आत लेथ चालू.
उद्या कागलला जायचा शाफ्ट
अजून दोन थौ जाड आहे.

मी विद्यापीठातून येते, वाकून आत शिरते.
पिशवीत प्रबंधाचं चौथं प्रकरण
आणि समासात चौगुले मॅडमचा शेरा :
हे अनंत कुठून आणलंस?

कुठून आणणार, मॅडम,
समीकरणातूनच आलं.
कृष्णविवर कमाल वेगानं फिरत ठेवायचं,
काठाशी दोन कण सोडायचे,
त्यातल्या एकाला नेमका तेवढाच पीळ द्यायचा,
केसभर जास्त नाही, कमी नाही,
की टकरीच्या ऊर्जेला वरचं टोकच उरत नाही.
वहीत उरत नाही.

"फिरतंय किती?"
आप्पा विचारतात, चकवरची नजर न काढता.

म्हटलं, एक म्हणजे कमाल.
पण एक होत नाही.
भोवतीच्या तापल्या तबकडीचा उजेड पडतो त्यात,
आणि फिरण्याच्या उलटे येणारे किरण
जरा जास्तच गिळलं जातात.
खाल्लेला उजेडच ब्रेक लावतो, आप्पा.
शून्य पूर्णांक नऊशे अठ्ठ्याण्णव.
गाडी तिथं थांबते.

आप्पांनी लेथ बंद केली.
चक पुरता थांबेस्तोवर बोलले नाहीत.
मग : "म्हंजे दोन थौ कमी."

व्हय, दोन थौ.
तेवढ्या फटीतून अख्खं अनंत सांडतं
आणि हातात उरतात एकोणीस.
कणाच्या वस्तुमानाच्या एकोणीस पट, फार तर.
न फिरणाऱ्या विवराशी तर
पुरते साडेचारही भरत नाहीत.

मला वाटलं हसतील.
त्यांनी खिडकीकडं बोट केलं.
तिथं एक बुश आहे, आत अडकलेल्या शाफ्टसकट,
दर खंडेनवमीला त्यालाही हळदकुंकू लागतं
आणि कशाला ते मी कधी विचारलं नव्हतं.

"हुसेन मुल्लाणीनं पैजेवर केलावता.
भोक आन् शाफ्ट, दोनी एकाच मापाचं.
वर न्हाई, खाली न्हाई, शून्य.
आत जाईना.
हातोडीनं घातला,
मग भाईर येईना.
ड्रॉइंगवर शून्य लिवाय काय लागतंय?
शाईच जाती."

मी उभी राहिले कुलंटच्या वासात.
काठाच्या जितकी जवळ टक्कर
तितकं त्यातून बाहेर येणं अवघड,
आणि जे निसटून येतं ते चढण चढून
इतकं थकलेलं
की दूरच्या दुर्बिणीला कळतही नाही
तिथं खाली काय पेटलं होतं.
हे मी तीन पानांत लिहिलंय, आलेखासहित.
मुल्लाणीचाचांनी एका बुशात.

आप्पांनी अंगठा पुसला,
मायक्रोमीटर डोळ्याशी धरला.
शाफ्ट गरम आहे म्हणाले, आत्ता माप खोटं बोलंल.
थांबलो दोघं, लोखंड निवायला.

तेवढ्यात आईचा फोन.
जेवायला कधी येताय?
"ह्ये काय, निघालोच. दोन मिन्टं."

बावीस वर्षं ऐकतेय मी ही दोन मिन्टं.
नेमका पीळ असलेल्या कणाचंही असंच आहे, आई.
काठापर्यंत पोचायला त्याला
त्याच्या स्वतःच्याच मनगटावरच्या घड्याळात
न संपणारा वेळ लागतो.
तो निघालेला असतो, खरोखर निघालेला असतो.

पिशवीतून प्रकरण काढलं.
आडव्या आठावर काट मारली, शेजारी लिहिलं १९.
कागदावर तेलाचं बोट उमटलं,
ते तसंच जाऊ दे मॅडमकडं.

आप्पांनी पुन्हा स्विच दाबला.
शेवटचा कट. लोखंडाची
कुरळी, निळसर साल
सुटत राहिली माझ्या चपलेपाशी.
"एकोणीस-वीस चालतंय," म्हणाले,
आणि मग, जरा वेळानं,
"शाफ्टला न्हाई चालत."